बाजेपासून मांडवापर्यंतची वायर

चेअरमन गेणभाऊ माइकसमोर उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला, फेटा चाचपला, उजवा हात वर केला आणि तोंड उघडलं. त्यांच्या तोंडून बाईचा आवाज आला.

"आत्या, ती शेगडी जरा लांब सारा. मी बाळंतीण हाय, मक्याचं कणीस न्हाई."

मांडव गप्प झाला. गेणभाऊंनी तोंड मिटलं, पण आवाज चालूच होता. त्यांनी माइकवर टिचकी मारली आणि पुन्हा तोंड उघडलं.

"ह्यो गेणभाऊ एकदा उभा राहिला की खाली बसायचं नाव घेत न्हाई. तवर नवरदेवाच्या मिशीला पांढरा केस येतोय."

"हळू बोल गं, मांडव शेजारीच हाय," दुसरा एक म्हातारा आवाज कर्ण्यातून म्हणाला.

"बोलू द्या की. कोण ऐकतंय?"

मांडवातली सगळी माणसं ऐकत होती. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या, पुरुष उघडे हसत होते, नवरदेव मिशीवर हात ठेवून हसत होता. आणि मी ॲम्प्लिफायरच्या पेटीवर ओणवा होऊन बटणं पिळत होतो. जितकं पिळावं तितका तो आवाज मोठा होत होता.

"मला घोर लागलाय तो वारूळवाडीच्या लग्नाचा," आवाज म्हणाला. "तिथवर काय वायर पोचायची न्हाई. त्यांनी कॅसेट लावली की गेलं काम हातातनं. संस्थेचं काय, पगार चालूच हाय बसल्या जागी. पण लग्नाचं पाकीट एकदा दुसरीकडं गेलं की परत येत न्हाई, आत्या."

इथं हसू थांबलं. कारण गेणभाऊ ज्या पतसंस्थेचे चेअरमन होते, त्याच संस्थेत ही बाई क्लार्क होती, आणि त्या वेळी ती भरपगारी बाळंतपणाच्या रजेवर होती.

आता बटणांचं सांगतो. साऊंडवाला प्रबुद्ध जेवायला जाताना मला बजावून गेला होता, "सर, डावं बटण मांडवातल्या माइकचं, उजवं कौसल्याताईंच्या खोलीतल्या माइकचं. चेअरमन उभं राह्यलं की डावं वर, उजवं खाली. एवढंच." मी हायस्कुलात मराठी शिकवतो आणि आसपासच्या लग्नांत निवेदन करतो, म्हणजे कोणकोण पुढारी आले हे ओरडून सांगतो. एवढं शिकलेल्या माणसाला डावं-उजवं कळायला हरकत नव्हती. पण ऊन तिरपं झालं म्हणून मी पेटीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन सावलीत बसलो, आणि तिथून वाकून हात घालू लागलो. माणूस फिरला की त्याचं डावं-उजवंही फिरतं, हे मला गेणभाऊंनी तोंड उघडेपर्यंत सुचलं नाही.

आणि त्या आतल्या बाईला स्वतःचा आवाज बाहेरच्या कर्ण्यातून ऐकू येऊ नये? नाही आला. सासूने कानांत कापूस कोंबला होता, वरून रुमाल करकचून बांधला होता. बाळंतिणीच्या कानात वारं जाऊ नये म्हणून. वारं काय, त्या कानांत आगगाडी गेली नसती. सासूचे कान उघडे होते, पण कर्ण्याची तोंडं पलीकडं होती, तिला तो नुसता लग्नाचा गलका वाटला.

ही कौसल्यावहिनी. आमची आणि त्यांची भिंत एकच. आमचं गाव कळंबच्या अलीकडं, हमरस्त्यापासून थोडं आत. त्यांचा नवरा गोरख स्वतःच्या टेम्पोतून लोकांचा टोमॅटो नारायणगावला नेतो. भाव पडला की टोमॅटो शेतातच राहतो, टेम्पो दारात राहतो आणि घर वहिनींच्या पगारावर राहतं.

स्वस्थ बसणं ही गोष्ट या बाईला कुणी शिकवलेलीच नव्हती. संस्थेत गिऱ्हाईक नसलं की त्या टाचण्या रांगेत लावायच्या. दुसऱ्याच्या पंगतीला जेवायला बसल्या तर दोन घास खाऊन उठायच्या आणि वाढायला लागायच्या. आणि या सगळ्यातून उरलेलं बळ त्या मंगलाष्टकांना द्यायच्या. नुसतं म्हणायच्या नाहीत, रचायच्या. ज्याचं लग्न त्याच्या नावाची, त्याच्या गोतावळ्याची. नवरीचे मामा, नवऱ्याची आत्या, दूध डेअरीचे चेअरमन, सगळे वृत्तात बसवायच्या. वृत्तात न बसणारा पाहुणा लग्नभर तोंड पाडून बसायचा. माजी उपसभापतींना तर त्यांनी एकदा दोन ओळींत तोडून बसवलं होतं. त्यावरूनही त्यांचा रुसवा झालाच, कारण ‘उप’ पहिल्या ओळीत राहिला आणि ‘सभापती’ दुसऱ्या. तरी पाकीट आणि साडी घरपोच यायची, आणि लग्नाची तारीख धरताना लोक भटजीच्या आधी कौसल्याबाईला विचारायचे.

ही गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची. थोरला आदेश शाळेत जायला लागल्यावर वहिनींना पुन्हा दिवस गेले, आणि त्यांनी रजेचा अर्ज टाकला. संस्थेत तोवर बाई अशी ही एकच. संचालक मंडळाच्या बैठकीत बाळंतपण हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात घेतला गेला. संचालक रखमाजी म्हणाले, "आमच्या आईनं सगळी बाळंतपणं शेतातनं येऊन केली. तिनं कुणाकडं रजा मागितली न्हाई." सेक्रेटरी म्हणाले, कायद्यात आहे. गेणभाऊ कायद्याला मानणारे. ते म्हणाले, "कायद्यात हाय तर द्या. पण अट घाला. रजेत दुसरीकडं पैशाचं काम करायचं न्हाई. न्हायतर हितं रजा अन् मंचरला नोकरी." सगळे हसले आणि अट लिहिली गेली.

मुलगी झाली, तीही नेमकी ऐन लग्नसराईत. सासूबाई, म्हणजे साळुबाई, यांनी सुनेला आतल्या खोलीत बाजेवर घातलं, खाली शेगडी लावली, खिडकीला गोणपाट टांगलं. सव्वा महिना बाहेर पाय टाकायचा नाही. खोलीत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ओवा आणि शेपाची धुरी. गोरखला स्वतःच्या लेकीचं तोंड बघायला दारात उभं राहून धूर खावा लागायचा.

मला भिंतीपलीकडून बाज ऐकू यायची. ती करकरायची, मग थांबायची, की पुन्हा करकर. लांब कुठं मुहूर्त लागला की तिचा जोर वाढायचा. सासूची पाठ वळली की वहिनी कापूस काढून कान द्यायच्या, आणि त्यांना कळायचं की नळाच्या आळीला कॅसेट लागली, आणि कॅसेटवाल्या बाईनं नवरा-नवरीचं नावच घेतलं नाही. "भावजी," एकदा खिडकीचं गोणपाट वर करून त्या मला म्हणाल्या, "तिला ठाऊकच न्हाई लग्न कुणाचं हाय. निस्तं वधूवर, वधूवर. असं का लग्न लावत्यात? उद्या लोकांना त्याचीच सवय लागंल."

"मग काय करता, वहिनी? पडून राहायचं. आराम करा."

"आराम करून करून पाठ आंबली माझी." गोणपाट खाली पडलं आणि लगेच पुन्हा वर झालं. "प्रबुद्धच्या वायरीचं भेंडोळं केवढं असतं हो?"

त्यातून ते सगळं निघालं. बाळंतिणीनं मांडवात जायचं नाही हे खरं, पण तिचा आवाज गेला तर? भटजींना विचारलं. ते बराच वेळ शेंडीला गाठ मारत राहिले आणि म्हणाले, "आवाज येणार तारेतनं. विजेला सोयर नाही." प्रबुद्धला विचारलं. तो म्हणाला, "आमच्यात तर असलं काही मानतच न्हाईत, सर. मला फकस्त वायर किती लागंल ते सांगा." मग साळुबाईंनी माइकलाही दारात धुरी दिली. प्रबुद्ध म्हणाला, "आजी, बास करा, माइकाला खोकला व्हईल."

वायर खोलीतून निघून आमच्या भिंतीवरून आळीच्या टोकाच्या मांडवापर्यंत जेमतेम पोचत होती. तेवढीच वहिनींची हद्द. आळीतली दोन लग्नं झकास लागली. तिसरं जानकूच्या पोरीचं, आणि त्या लग्नात मी उन्हातून सावलीत गेलो.

त्या दिवशीही मंगलाष्टकं झालीच. वहिनींना झाल्या प्रकाराचा पत्ता नव्हता, आणि त्या अशा काही गायल्या की नवरीची आई मुसमुसून रडली. शेवटच्या ‘सावधान’ला आतून बाळाचं रडणंही कर्ण्यातून आलं आणि लोकांनी तोच मुहूर्त धरून अक्षता टाकल्या. गेणभाऊंनी टाकलेल्या अक्षता माझ्या कानाला लागल्या. मी त्यांच्यापासून चांगला लांब होतो.

संध्याकाळी मी खिडकीशी गेलो आणि सगळं सांगितलं. वहिनींनी एका कानातला कापूस काढला.

"लोक हसले?"

"हसले."

"कोणत्या वाक्याला?"

"कणसाला. मिशीला जास्त."

त्यांना क्षणभर बरं वाटलेलं दिसलं. मग मी पगाराचं वाक्य सांगितलं. त्यांनी कापूस परत कानात घातला नाही. बोटांत त्याची वात वळत बसल्या. बाहेर दारात गोरखचा टेम्पो उभा होता, भाव पडलेला होता.

"नोकरी घालवली तर न्हाई ना मी, भावजी?"

मी गोणपाटाचं टोक सारखं करत राहिलो. एरवी माझं तोंड बंद करायला वीज घालवावी लागते.

दुसऱ्या दिवशी गेणभाऊ, रखमाजी आणि सेक्रेटरी आले. मलाही साक्षीला बोलावलं. आम्ही ओट्यावर सतरंजीवर, वहिनी आत पडद्याआड. चौकशी पडद्याशी चालली होती.

"बाई," गेणभाऊ म्हणाले, "तुमी रजेवर हाय का कामावर?"

"बाजेवर हाय," पडदा म्हणाला.

"चेष्टा नको. अट मोडली का न्हाई?"

गेणभाऊ माणूस वाईट नव्हे. मांडवातली नाचक्की त्यांना बोचत होती, पण हिशेबाला चोख बाई जाऊ नये असंही वाटत होतं. त्यांनी स्वतःच वाट काढली. "हे बघा. गाणं काय, हौस असती. कुणी भजनात गातं, कुणी लग्नात. तुमी एवढंच म्हणा, की हे काय काम न्हाई, निस्ती हौस हाय. म्हंजे अट मोडली न्हाई, विषय मिटला. आमी चहा पिऊन जातो."

रखमाजींनी मान हलवली. सेक्रेटरींनी हुश्श केलं. मी तर मनातल्या मनात चहात साखर ढवळायला लागलो होतो. आत बाज करकरली. थांबली. पुन्हा करकरली.

"वहिनी, म्हणा की," मी म्हणालो.

"न्हाई म्हणणार," पडदा म्हणाला. "पोटुशी व्हते तवा ढेकूण मारत मारत रात्रीच्या ओळी जुळवल्यात मी. एकेका मामाला बसवायला डोकं फुटतंय. हौस असती तर तुमच्या नावाला मी हातच लावला नसता, चेअरमनसाहेब. काम हाय ते. आवडीचं हाय, पण काम हाय."

"विचार करा. मग रजा रद्द हुईल."

"व्हऊ द्या."

"सव्वा महिना झाला की कामावर यावं लागंल. ज्याला काम करता येतं त्याला रजा कशाला?"

"येते की."

आणि इथं ज्या बाईनं आजवर सुनेला बाजेवरून उठू दिलं नव्हतं, ती साळुबाई चुलीपासून उठून ओट्यावर आली. तिनं चेअरमनकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "न्या की," ती म्हणाली. "पण माझी सून जिथं, तिथं माझी शेगडी."

चहा झाला नाही.

आमच्याकडं सव्वा महिन्यानं बाळ पहिल्यांदा बाहेर काढतात ते देवाला न्यायला. साळुबाईंनी पोरीला पहिल्या गाडीनं ओझरला नेलं, विघ्नहराच्या पायरीवर ठेवलं, काय तक्रार करायची ती केली, आणि परतीच्या गाडीनं सगळी वरात थेट पतसंस्थेत उतरली. पुढं वहिनी, डोक्याला रुमाल, कानात कापूस. मागं साळुबाई, कडेवर पोर. त्यांच्या मागं गोरख, हातात शेगडी, खांद्यावर कोळशाची पिशवी.

झोळी कॅशच्या खिडकीच्या गजाला बांधली गेली. दार लागणारी खोली संस्थेत एकच, चेअरमनची केबिन; ती पाजायला आणि शेकायला गेली. गेणभाऊ बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर येऊन बसले. दुपारी धुरीची वेळ झाली की केबिनच्या फटीतून ओव्याचा धूर निघायचा आणि सगळी संस्था शिंकायची. म्हातारे भागुजी ठेव ठेवायला आले होते, दारात थबकून म्हणाले, "मी पैसं ठिवायला आलतो राव. हितं तर पाचवी पुजायची दिसतीया."

सर्वांत मोठं नुकसान वसुलीचं झालं. रखमाजी एरवी थकबाकीदारावर डाफरायचे ते चौकात ऐकू जायचं. आता त्यांनी "काय रे, हप्ता कुठाय" म्हणायचा अवकाश, पोर झोळीत भोकाड पसरायची आणि केबिनमधून साळुबाई बाहेर यायची. "हळू बोला. पोरगी दचकती." वसुली कुजबुजत चालू झाली. कुजबुजून मागितलेल्या हप्त्याला कोण भितो? थकबाकीदार पोरीला टाळ्या वाजवून दाखवायचे, गालाला हात लावायचे आणि निघून जायचे.

गावाला मजा आली. वहिनींना नाही. कामात त्यांची चूक सापडायची नाही, पण डोळा भिंतीवरच्या पंचांगावर. मुहूर्ताची वेळ आली की हातातलं पेन थांबायचं आणि त्या काउंटरमागं उगाच उभ्या राहायच्या. लांबून कर्णा ऐकू आला की गजाला धरून टाचा उचलायच्या. वारूळवाडीचं लग्न त्यातच झालं. गोरख तिकडून माल टाकून आला आणि त्यानं सांगितलं, कॅसेट लावली होती.

"कसं झालं?" वहिनींनी विचारलं.

गोरख खोटं बोलायला शिकला असता तर बरं झालं असतं. "झ्याक झालं," तो म्हणाला.

त्या दिवशी वहिनींनी संस्थेतल्या सगळ्या टाचण्या डबीतून काढल्या, रांगेत लावल्या, परत डबीत भरल्या, परत काढल्या. झोळीतली पोरसुद्धा न रडता बघत होती.

अखेर गेणभाऊ बाकड्यावरून उठले. शिंकत शिंकत काउंटरशी आले.

"बाई, तुमची राह्यलेली रजा घ्या. घरी जा. मला माझी केबिन द्या."

"अन् लग्नं?"

"लावा. सगळ्या तालुक्याची लावा."

"लिहून द्या."

"काय लिहू?"

"की मी रजेवर हाय, अन् लग्नात काम करते ते संस्थेला ठाऊक हाय."

"‘काम’ कशाला? ‘गायन’ लिहितो. बरं दिसतं."

"काम."

गेणभाऊंनी केबिनकडं बघितलं. फटीतून धूर निघायला सुरुवात झाली होती. त्यांनी ‘काम’ लिहिलं, सही केली आणि खाली शिक्का स्वतःच्या हातानं मारला. वहिनींनी झोळी सोडली. मागोमाग गोरख शेगडी घेऊन निघाला, तेव्हा रखमाजींनी दार उघडून धरलं होतं.

उरलेल्या सराईत वहिनी हिंडून हिंडून गायल्या. कडेला पोर, पाठीशी सासू. पण वारूळवाडीकडची लग्नं परत आली नाहीत. एका घरानं कॅसेट लावली, पाहुण्यांनी ऐकली, मग त्यांनी लावली. कॅसेट रुसत नाही, तिला साडी लागत नाही, आणि तिच्यात उपसभापती नसतातच.

त्यालाही आता बारा-तेरा वर्षं होतील. पोरीचं नाव संस्कृती. धुरीची सवय म्हणून की काय, तिला सर्दी कधी होत नाही. संस्थेत बायका वाढल्या. त्यांच्या रजा आता आयत्या वेळचा विषय नसतात, आणि वार्षिक सभेत गेणभाऊ छातीवर हात ठेवून सांगतात, की तालुक्यात पहिली रजा आम्हीच दिली. त्या वेळी मी ॲम्प्लिफायरपासून लांब बसतो. प्रबुद्धनंच तशी तंबी दिली आहे.

परवा एका लग्नात मी आणि वहिनी स्टेजच्या कडेला बसलो होतो. मुहूर्त टळून गेला होता, कुणीतरी साहेब वाटेत होते आणि ते पोचल्याशिवाय अक्षता पडणार नव्हत्या. वहिनी हातात माइक घेऊन पाय हलवत होत्या. मधेच उठल्या, रुखवताची ताटं सरळ केली, परत बसल्या, परत पाय.

मला त्यांची ती बाज आठवली. म्हटलं, "वहिनी, समजा आत्ता तसली रजा परत मिळाली. भरपगारी. कुणाची अट नाही, कुणाची चौकशी नाही. या खेपेला तरी बाजेवर गप पडून राहाल ना?"

त्यांनी पाय थांबवला आणि माझ्याकडं बघितलं.

"वायर लांब घेईन."